वादळ ओळखणारे फादर : बेनितो विन्येस

आमच्या घरी हॉलच्या भिंतीवर, क्रुसाच्या डाव्या बाजूला, एक पितळी बॅरोमीटर टांगलेला आहे. माझे आजोबा तारवटी होते, म्हणजे जहाजावर नोकरीला. निवृत्त होऊन येताना त्यांनी तो बरोबर आणला. तबकडीवर इंग्रजी शब्द कोरलेले आहेत. काटा अगदी डावीकडे गेला की स्टॉर्मी, मग रेन, मधोमध चेंज, पुढे फेअर आणि शेवटी व्हेरी ड्राय. लहानपणी मला वाटायचं, हवा उद्या काय करणार हे या काट्याला आधीच कळतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा मी अकरावी सायन्सला होते. आमचं गाव पेडणे तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. कोविडचे दिवस, देऊळ बंद, मिस्सा मोबाईलवर. वादळाचे इशारे दोन दिवस येत होते. १५ तारखेच्या रात्री बाबांनी विचारलं, आजीची खाट मागच्या खोलीतून हॉलमध्ये आणूया का? मागच्या खोलीवर आंब्याची मोठी फांदी आलेली होती. मी उठून बॅरोमीटर बघितला. काटा चेंजच्या आसपास होता, स्टॉर्मीपासून कितीतरी लांब. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं की काही होणार नाही, दाब फारसा पडलेलाच नाही. घरात सायन्स शिकणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

पहाटे फांदी कौलांवर पडली. एक कौल आजीच्या खांद्यावर आलं. तीन टाके पडले, पण ती वाचली. रस्त्यात झाडं आडवी पडलेली, लाईट नाही, बाबा तिला स्कूटरवर बसवून झाडांच्या कडेकडेने आरोग्य केंद्रात घेऊन गेले. मी हॉलमध्ये उभी राहून त्या काट्याकडे बघत होते. काटा अजूनही स्टॉर्मीवर गेला नव्हता. बाहेर मात्र माड मुळासकट उपटलेले होते.

पुढे मी सायन्स सोडलं आणि मराठी साहित्याला आले. पण तो प्रश्न तसाच राहिला. दाब इतका थोडा उतरला असताना वारा इतका कसा सुटला? गेल्या वर्षी मी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर निबंध लिहीत होते. राशोलला १६१६ साली ज्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं तेच. त्यांच्या निमित्ताने येशूसंघाच्या इतर फादरांबद्दल वाचत गेले आणि एका वेगळ्याच माणसाशी गाठ पडली. हे फादर कविता लिहीत नव्हते, ढग वाचत होते. त्यांचं नाव बेनितो विन्येस. क्युबात आणि हवामानशास्त्राच्या इतिहासात हे नाव मोठं आहे, आपल्याकडे मात्र फारसं कुणी घेत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यात सापडलं, म्हणून हा लेख.

बेनितो विन्येस यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ चा. गाव पोबोलेदा, स्पेनच्या कातालोनिया भागात, तारागोना प्रांतात. डोंगराळ मुलूख. १८५६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते येशूसंघात दाखल झाले. १८६८ साली स्पेनमध्ये क्रांती झाली, राणीला देश सोडावा लागला आणि नव्या सरकारने येशूसंघाला हाकलून लावलं. तरुण विन्येस फ्रान्सला गेले आणि त्यांचं गुरुदीक्षेपर्यंतचं शिक्षण तिथे पुरं झालं. १८७० साली त्यांना समुद्रापार क्युबाला पाठवण्यात आलं. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि तिथे स्वातंत्र्याचं युद्ध पेटलेलं होतं.

हवानाच्या जुन्या भागात बेलेन नावाचं येशूसंघाचं कॉलेज होतं. बेलेन म्हणजे बेथलेहेमचं स्पॅनिश नाव. या कॉलेजात १८५७ च्या सुमारास एक छोटी वेधशाळा सुरू झाली होती. तिची सूत्रं विन्येस यांच्याकडे आली तेव्हा त्यांचं वय बत्तीस-तेहतीस. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबाच्या मातान्सास भागावर भयंकर हरिकेन आदळलं आणि शेकडो माणसं मेली. अटलांटिकच्या बाजूला चक्रीवादळालाच हरिकेन म्हणतात. चक्रीवादळासाठी इंग्रजीत रूढ झालेला सायक्लोन हा शब्द तर हेन्री पिडिंग्टन या इंग्रज माणसाने कोलकात्यात राहून १८४८ च्या सुमारास घडवला, बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना. नाव कुठलंही घ्या, माणसं त्याच पद्धतीने मरत होती, काहीही माहीत नसताना.

विन्येस यांनी पहिली गोष्ट केली ती अगदी कंटाळवाणी. पहाटे चार वाजल्यापासून रात्री दहापर्यंत, दर दोन तासांनी, दिवसातून दहा वेळा नोंदी घ्यायच्या. दाब, तापमान, ओलावा, वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग कुठल्या जातीचे आणि कुठून कुठे चाललेत. हे एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. जोडीला जुन्या नोंदवह्या आणि वर्तमानपत्रं काढून मागच्या वादळांची माहिती गोळा करायची.

दहा वेळा कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण त्याला कारण आहे. उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्री दहाला परत जास्त, पहाटे चारला परत कमी. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचाच असतो. जुने लोक ज्याला मिलिबार म्हणतात तेच हे माप, आणि समुद्रसपाटीला सरासरी दाब असतो १,०१३. ज्याला ही रोजची चाल माहीत नाही तो दुपारची नेहमीची घसरण बघून घाबरेल. आणि उलट, चाल माहीत नसेल तर खरी घसरण सुरू झालेली असताना तो निवांत बसेल. मी त्या रात्री दुसऱ्या प्रकारात मोडले. काटा आज कुठे आहे एवढंच मी बघितलं. काल याच वेळी कुठे होता, तासाभरापूर्वी कुठे होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता दाब आणि वारा यांच्या नात्याकडे येते, कारण विन्येस यांचं काम त्याशिवाय कळत नाही. वादळाच्या मध्यभागी दाब सगळ्यात कमी असतो. मग जिथे दाब सगळ्यात कमी तिथे वारा सगळ्यात जास्त असायला हवा, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही. बरोबर मध्यभागी, ज्याला वादळाचा डोळा म्हणतात तिथे, वारा जवळपास पडलेला असतो. कधी कधी वर आकाशही दिसतं. सगळ्यात भीषण वारा असतो तो डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत. याचं कारण असं की वारा दाबाच्या आकड्यावर चालत नाही, दाबाच्या उतारावर चालतो.

आमच्याकडचं उदाहरण घेऊ. बेळगावहून गोव्याला येताना चोर्ला घाट लागतो. घाटमाथ्यावर गाडी बऱ्याच उंचीवर असते, पण तिथला रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. मग थोड्याच अंतरात रस्ता झपकन खाली उतरतो आणि केरीला आलो की पुन्हा सपाटी. ब्रेक सोडला तर गाडी कुठे सुसाट सुटेल? उंचावर नाही, अगदी तळातही नाही. उतारावर सुटेल. वादळातही असंच असतं. बाहेरच्या अंगाला शेकडो किलोमीटर दाब हळूहळू कमी होत येतो. डोळ्याजवळच्या थोड्या किलोमीटरमध्ये तो एकदम कोसळतो, तिथे वारा सुटतो. डोळ्याच्या आत परत सपाटी, म्हणून शांतता. या शांततेला फसून लोक घराबाहेर पडतात आणि डोळा पुढे सरकला की उलट्या दिशेने तेवढाच वारा येतो.

पण उतार आत जातो तर हवा सरळ मध्यभागी का धावत नाही? पृथ्वी फिरते त्यामुळे आत येणारी हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे ओढली जाते आणि मध्याभोवती डावीकडून फेर धरते. एकदा फेर धरला की मग पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवावी तसं होतं. बादली बाहेर निसटू पाहते, हात तिला आत ओढून धरतो. वादळात हा हात म्हणजे दाबातला फरक. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त लागते, आणि तीही वेगाच्या वर्गाने वाढते. उलटं सांगायचं तर, बाकी आकार तसाच राहिला आणि मध्यातली दाबाची तूट चौपट झाली, तर वारा साधारण दुप्पट होतो, चौपट नाही.

शिवाय वादळ केवढं पसरलंय यावरही खूप अवलंबून असतं. अमेरिकेतली दोन वादळं बघा. १९९२ साली अँड्र्यू फ्लोरिडावर आलं तेव्हा मध्यातला दाब ९२२ हेक्टोपास्कल होता. २००५ साली कतरिना लुइझियानावर आलं तेव्हा ९२०, म्हणजे जवळजवळ तोच, किंचित कमीच. पण अँड्र्यूचा वारा ताशी सुमारे २६५ किलोमीटर आणि कतरिनाचा सुमारे २०५. अँड्र्यू लहान आणि आवळलेलं होतं, त्यामुळे तेवढीच तूट थोड्या अंतरात, उतार खडा. कतरिना अवाढव्य पसरलेलं, म्हणून उतार सौम्य. अर्थात कतरिना सौम्य होतं असं कुणी म्हणू नये. एवढ्या मोठ्या पसाऱ्याने समुद्र ढकलत आणला आणि पाण्यानेच जास्त बळी घेतले.

म्हणजे एका ठिकाणचा, एका वेळचा एक आकडा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारचा आकडा हवा आणि त्याच्या आधीचा आकडा हवा. आजोबांच्या बॅरोमीटरवर स्टॉर्मी हा शब्द २८ इंचांवर आहे, म्हणजे साधारण ९४८ हेक्टोपास्कल. आमच्या किनाऱ्यावर काटा तिथे पोचायचा असेल तर प्रचंड वादळाचा गाभाच आमच्या डोक्यावर यायला हवा. तौक्ते तर समुद्रातून, आमच्या बाजूने वर गेलं होतं. ते शब्द इंग्लंडमधल्या हवेसाठी कोरलेले होते. मी पेडण्यात बसून विलायतेची हवा वाचत होते.

विन्येस यांच्याकडे उपग्रह नव्हते, रडार नव्हतं, विमान नव्हतं. समुद्रात वादळ कुठे आहे आणि त्याचा उतार किती खडा आहे हे हवानाच्या गच्चीवरून कसं कळणार? त्यांनी वर बघायला सुरुवात केली. खूप उंचावरचे पिसासारखे ढग असतात, पांढरे, लांबट. क्युबातले लोक त्यांना कोंबड्याची शेपटी म्हणायचे. विन्येस यांच्या लक्षात आलं की वादळ अजून कितीतरी लांब असताना हे ढग क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे फाकलेले दिसतात, आणि तो बिंदू वादळाच्या दिशेलाच असतो. बॅरोमीटर तेव्हा पडलेला नसतो. कधी कधी तर वादळाच्या आधी दाब थोडा चढतो आणि एखादा स्वच्छ, प्रसन्न दिवस मिळतो. लोक खूश होतात. विन्येस अशाच दिवशी सावध होत.

तेव्हा विद्वानांत एक जुना वाद होता. एका पक्षाचं म्हणणं, वादळात हवा मध्याभोवती गोल फिरते. दुसऱ्याचं म्हणणं, ती सरळ मध्याकडे धावते. जहाजांचे कप्तान गोल फिरण्याचा नियम धरून चालत आणि कधी कधी त्यामुळेच चुकत. विन्येस यांनी ढगांच्या वेगवेगळ्या थरांच्या दिशा वर्षानुवर्षं टिपल्या आणि दाखवून दिलं की हे थरावर अवलंबून आहे. जमिनीलगतचा वारा फिरता फिरता आत येतो. थोड्या वरचे ढग जवळजवळ बरोबर गोल फिरतात. आणि अगदी वरचे पिसासारखे ढग बाहेर फेकले जातात. खालून हवा आत, वरून बाहेर. आत आलेली हवा वर निघून गेली नसती तर मध्यातला खड्डा केव्हाच भरला असता आणि दाबाचा उतारच उरला नसता. हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आणि वहीने शोधलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वर्तमानपत्रांत त्यांचा इशारा छापून आला की हरिकेन येत आहे. दोन दिवसांनी, १३ तारखेला, ते क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. लोक आधीच सावध झाल्यामुळे पुष्कळ जीव वाचले. हरिकेनचा असा जाहीर छापील अंदाज त्याआधी कुणी दिल्याचं नोंदलेलं नाही. तेच वादळ पुढे मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासला गेलं आणि १६ तारखेला इंडियनोला नावाचं बंदर उद्ध्वस्त करून गेलं. तिथे कुणी इशारा दिलेला नव्हता. एकच वादळ, दोन किनारे. मला वाटतं, फादरांच्या कामाची किंमत या एका गोष्टीत कळते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात पोर्तो रिकोवर मोठं हरिकेन आलं. विन्येस स्वतः तिथे गेले. नुकसान बघत, लोकांना विचारत, झाडं कुठल्या दिशेला पडली आहेत हे टिपत ते फिरले. पडलेलं झाड म्हणजे वाऱ्याने लिहून ठेवलेली नोंदच. १८७७ साली त्यांचं १८७५ आणि १८७६ च्या वादळांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. १८८५ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या जलालेखन कार्यालयाने त्याचं इंग्रजी भाषांतर खलाशांसाठी छापलं. कुणास ठाऊक, माझ्या आजोबांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेले वादळाचे नियम फिरत फिरत तिथूनही आले असतील.

त्यानंतरचं काम माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. एका ठिकाणचा दाब पुरत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी व्यापारी, जहाज कंपन्या आणि तार कंपन्या यांची मदत मिळवली आणि कॅरिबियन बेटांवर निरीक्षकांची साखळी उभी केली. ट्रिनिडाड, बार्बाडोस, मार्टिनिक, अँटिग्वा, पोर्तो रिको, जमैका, सांतियागो दे क्युबा. काही बेटं ब्रिटिशांची, काही फ्रेंचांची, काही स्पेनची. मालक वेगळे, भाषा वेगळ्या, वादळ मात्र एकच. तारेने आकडे हवानाला यायचे आणि विन्येस नकाशावर मांडायचे. म्हणजे आता त्यांच्या हातात आकड्यांचा शेजार होता, उतार दिसत होता. वेगवेगळ्या महिन्यांत वादळं साधारण कुठे वळतात याचेही नियम त्यांनी बसवले. १८८८ मध्ये तर त्यांनी फिरत्या चकत्यांचं एक साधं उपकरण तयार केलं. ढगांच्या आणि वाऱ्याच्या दिशा त्यावर लावल्या की वादळ कुठल्या बाजूला आहे हे कप्तानाला स्वतःलाच काढता यायचं. ज्ञान स्वतःपाशी ठेवून पूज्य व्हायचा मोह त्यांना झाला नाही.

त्यांच्याच संघाचे फादर फेदेरिको फाउरा तेव्हा फिलिपिन्समध्ये मनिलाच्या वेधशाळेत होते. त्यांनी १८७९ साली तिथल्या टायफूनचा इशारा दिला आणि पुढे एक बॅरोमीटर बनवला, ज्याच्या तबकडीवरच्या सूचना फिलिपिन्सच्या हवेला धरून लिहिलेल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. आमच्या भिंतीवर नेमकं हेच हवं होतं.

विन्येस यांचे सगळे अंदाज बरोबर आले असं मी म्हणणार नाही. आजही उपग्रह असताना सगळे बरोबर येत नाहीत. पण हवानात लोकांचा विश्वास इतका बसला होता की आकाश जरा बदललं की सगळे बेलेनकडून काय कळतंय त्याची वाट बघायचे. त्यांना वादळांचे फादर म्हणून ओळखायला लागले. स्वतः ते शेवटपर्यंत त्याच वेधशाळेत राहिले. त्यांचा शेवटचा ग्रंथ, वादळातल्या हवेचं फिरणं आणि वादळाचं सरकणं यांवरचा, शिकागोला भरणाऱ्या हवामान परिषदेसाठी लिहिलेला होता. तब्येत ढासळलेली असताना त्यांनी तो मृत्यूच्या दोन दिवस आधी पुरा केला. २३ जुलै १८९३ रोजी ते हवानात वारले. वय पंचावन्न.

चरित्र इथे संपायला हवं. पण त्यांच्या मरणानंतर सात वर्षांनी जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. १८९८ च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या ताब्यात गेली होती. अमेरिकन हवामान खात्याने हवानात स्वतःचं ऑफिस थाटलं. बेलेनच्या फादरांचे इशारे त्यांना लोकांना उगाच घाबरवणारे वाटत होते. १९०० च्या ऑगस्ट अखेरीस क्युबातून हवामानाच्या तारा पाठवायला बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला एक वादळ क्युबावरून गेलं. विन्येस यांच्यानंतर वेधशाळा सांभाळणारे फादर लोरेन्सो गांगोइते यांचं मत होतं की ते वाढतंय आणि आखातातून टेक्सासकडे जातंय. वॉशिंग्टनचं मत होतं की ते फ्लोरिडावरून वळून अटलांटिकला जाईल. ८ सप्टेंबरला ते टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरावर आलं. त्या दिवशी सकाळी तिथला बॅरोमीटर फारसा खाली नव्हता, पण समुद्र मात्र वाऱ्याच्या विरुद्ध चढत होता. रात्रीपर्यंत शहर पाण्याखाली गेलं. किमान सहा हजार माणसं मेली, काही अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी कधी घेतलेले नाहीत.

ती तार पोचली असती तर सगळे वाचले असते असं म्हणणं सोपं आहे, पण खात्रीने म्हणता येणार नाही. एवढं मात्र खरं की माहिती होती आणि ती अडवली गेली, कारण ती ज्यांच्याकडून येत होती त्यांना कमी लेखलं गेलं. मी वाचताना अमेरिकन अधिकाऱ्यांवर चिडले होते. मग आठवलं, तौक्तेच्या आधी दोन दिवस इशारे येत होते. शेजारचे मच्छीमार होड्या वर ओढून माडांना बांधत होते, मी खिडकीतून बघत होते. अनेक ठिकाणांहून आलेलं, अनेकांनी तपासलेलं ज्ञान माझ्या हातातल्या मोबाईलवर होतं. आणि मी एका काट्यावर विश्वास ठेवला, कारण तो काटा मला एकटीला वाचता येत होता.

विन्येस यांच्याकडून मी घेतलं ते एवढंच. शहाणपण एका आकड्यात नसतं. काल काय होतं, शेजारी काय आहे, समुद्रावर रोज जाणारा माणूस काय करतोय, हे सगळं विचारावं लागतं. आणि कळलं की लोकांना त्यांच्या भाषेत, वेळेवर सांगावं लागतं.

बॅरोमीटर अजून भिंतीवर आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी घरी असले की सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता त्याची नोंद वहीत घेते. आमच्या हवेची चाल हळूहळू कळायला लागली आहे. आजी खांदा चोळत विचारते, काय म्हणतोय तुझा काटा? मी सांगते, काटा काहीही म्हणू दे. इशारा आला की तुझी खाट आधी हॉलमध्ये आणायची, काटा मग बघायचा.